हलक्या बॅगेसाठी आधी दोरी द्या

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या एखाद्या मराठी घरातून पुण्याच्या लग्नाला निघालेली बॅग काट्यावर ठेवून पाहावी. मुक्काम चार दिवसांचा, माणूस एक, आणि काटा बारा किलोंच्या आसपास थांबतो. त्यात साडेतीन किलो नुसती चाकांची ट्रॉली. अडीच-तीन किलो शेव आणि नमकीन, कारण इंदूरहून कोणी रिकाम्या हाताने जात नाही आणि जाऊही नये. बाकीचं सगळं कापड. त्यातलं बरंचसं घडीही न मोडता परत येतं आणि घरी आल्यावर बॅगेचा वास लागला म्हणून पुन्हा धुतलं जातं. एसी थ्री-टायरमध्ये रेल्वे माणशी ४० किलो सामान फुकट नेऊ देते, त्यामुळे या वजनाचं कोणाला काही वाटत नाही. वाटतं ते जिना चढताना, आणि बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्याच कोणाला तरी.

या जडपणावर बाजाराने आपला उपाय काढला आहे. कपड्यांच्या दुकानांत ‘ट्रॅव्हल’ नावाचा वेगळा कप्पा आला. त्यात हलके, चटकन वाळणारे, बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून केलेले, ‘शाश्वत’ असं लेबल लावलेले कपडे मिळतात. कापड वाईट नसतं. पण कपाट भरलेलं असताना सहलीसाठी नवे चार कपडे घेणं आणि त्याला शाश्वत म्हणणं मला पटत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा शर्ट झाला की पुढचा रस्ता जवळजवळ बंद होतो, कारण जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण जगभरात एक टक्क्याहूनही कमी आहे. सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणलेलं असेल तर ते धागे वेगळे काढणं आणखी अवघड. शिवाय कृत्रिम धाग्याचा नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतो. सुती कपडाही फुकट तयार होत नाही. एका सुती टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. तो कापूस कोणत्या जमिनीत, पावसावर की पाटाच्या पाण्यावर आला यावर तो आकडा बदलतो, पण खर्च झालेलं पाणी खर्च झालेलंच असतं. म्हणून कपाटात आधीपासून असलेला शर्ट आणखी तीन वर्षं घालणं हा सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत हलका मार्ग आहे.

मग बॅग जड का होते? ‘तिथे धुता येईल का, धुतलं तर वाळेल का’ या प्रश्नाचं उत्तर निघताना कोणाकडेच नसतं, म्हणून. बॅगेत कपडे किती हवेत हे मुक्कामाच्या दिवसांवर ठरवायची आपल्याला सवय आहे. खरं तर ते कपडा वाळायला लागणाऱ्या तासांवर ठरतं. कपडा रात्रीत वाळत असेल तर एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक कोरडा बॅगेत, एवढ्यात तीन दिवसही निघतात आणि तीस दिवसही. वाळायला दोन दिवस लागणार असतील तर पाच जोडही अपुरे पडतात. आपल्याकडे याचा पुरावा डोळ्यांसमोर चालत जातो. ओंकारेश्वराहून नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस सुमारे २६०० किलोमीटर चालतो आणि दोन जोडांवर महिनोन् महिने काढतो. त्यामागे श्रद्धा आणि निश्चय आहेच, पण रोजचं स्नान आहे, घाटाची शिळा आहे, माळव्या-निमाडचं ऊन आहे आणि जवळपास प्रत्येक आश्रमाच्या अंगणात बांधलेली दोरीही आहे. शहरातल्या प्रवाशाला यांपैकी काहीच मिळत नाही आणि सल्ला मात्र मिळतो, की कमी कपडे न्या.

आता कापडाकडे येऊ, कारण निम्मं उत्तर तिथे आहे. पॉलिस्टरचा धागा हवेतून जेमतेम अर्धा टक्का ओलावा घेतो. सूत आठ टक्क्यांच्या आसपास घेतं, रेयॉन अकरा-बारा टक्के. भिजवून पिळल्यावर हा फरक फार मोठा होतो. हाताने पिळलेली सुती जीन्स जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं पाणी धरून ठेवते. म्हणजे सातशे ग्रॅमची जीन्स दोरीवर सातशे ग्रॅम पाणी घेऊन लटकते आणि पंख्याखाली चोवीस तास झाले तरी खिशांच्या अस्तराशी आणि कमरेच्या पट्टीशी ओलीच असते. प्रवासात ती अंगावर असावी, बॅगेत दुसरी नसावी.

पॉलिस्टर लवकर वाळतं हे खरं, पण ते घामातलं तेल धरून ठेवतं. एका दिवसात त्याला वास येतो आणि साध्या धुण्याने तो पुरता जात नाही. पातळ सुती शर्ट हवा कोरडी असेल तर दोन दिवस चालतो, पॉलिस्टर रोज धुवावंच लागतं. या दोन्हींमधली वाट आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली माहीत होती. टेरिकॉटची पँट, साधारण दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग सूत, रात्रीत वाळते, इस्त्री मागत नाही आणि दहा-दहा वर्षं टिकते. आज तिला कोणी टेरिकॉट म्हणत नाही, पण कपाटातल्या ऑफिसच्या बहुतेक पँटी त्याच जातीच्या असतात. त्याच न्या.

सगळ्यांत जास्त फसवतो तो रेयॉन, म्हणजेच व्हिस्कोस. शीतलामाता बाजारात आणि जेल रोडवर ‘प्युअर कॉटन’ म्हणून हातात येणाऱ्या मऊ, खाली छान पडणाऱ्या कुर्त्या पुष्कळदा रेयॉनच्या असतात. रेयॉन भिजला की त्याची ताकद निम्म्यावर येते. सुताचं उलटं आहे, ते ओलं झाल्यावर जास्त मजबूत होतं, म्हणून आपल्या आज्या धोतर दगडावर आपटून धूत आणि ते वर्षानुवर्षं टिके. रेयॉनची कुर्ती तशी पिळली तर शिवण उसवते आणि दोरीवर टांगली तर पाण्याच्या भाराने लांब होते, वाळल्यावर आखडते. ओळखायचं कसं? जाळून पाहण्याचा उपयोग नाही, कारण सूत आणि रेयॉन दोन्ही कागदासारखेच जळतात आणि दोघांचीही मऊ राख होते. आतल्या शिवणीच्या कडेचा एक धागा ओढून घ्यावा, मधोमध जिभेने किंवा पाण्याने ओला करावा आणि दोन्ही टोकं धरून ओढावा. ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन. ओली जागा टिकून कोरड्या भागात तुटला, किंवा तुटायला बराच जोर लागला, तर सूत. तीस सेकंदांची ही परीक्षा कुठलं लेबल वाचण्यापेक्षा भरवशाची आहे.

साडी नेणाऱ्यांसाठी उत्तम उदाहरण आपल्या दारातच आहे. महेश्वर इंदूरहून ९० किलोमीटरवर. तिथली साडी, ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असलेली, साधारण अर्ध्या किलोच्या आत बसते. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक दिसतो, तो ‘बुगडी’ काठ, म्हणून साडी उलटसुलट नेसता येते. एका बाजूला आमटीचा डाग पडला तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. प्रवासासाठी याहून शहाणं वस्त्र आजच्या कुठल्याही ‘ट्रॅव्हल’ कप्प्यात मला दिसत नाही. काळजी एकच. ती पिळायची नाही, पंच्यात गुंडाळून दाबायची, आणि सावलीत वाळवायची. धार जिल्ह्यातल्या बाघचे छापे तितकेच कामाचे. तिथला लाल रंग तुरटीच्या साह्याने धाग्यात बसवलेला अॅलिझरिनचा, काळा रंग लोखंडाचा आणि चिंचोक्याच्या खळीचा, आणि कापड वाहत्या पाण्यात धुऊन वरचा सैल रंग काढून टाकलेला असतो. बाजारातल्या स्वस्त गडद छाप्यांचं तसं नसतं. पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या शिवणीवर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा प्रवासात नेऊ नका, कारण लॉजमध्ये बादली एकच असते. मीठ टाकून भिजवलं की रंग पक्का होतो ही समजूतही सोडलेली बरी. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगलेल्या कपड्याला ते काही करत नाही.

आता वजन. आठवडाभरासाठी पुरुषाच्या बॅगेत दोन सुती शर्ट प्रत्येकी २२० ग्रॅमचे, एक टेरिकॉट पँट ३५० ग्रॅम, झब्बा २५० आणि पायजमा २२०, म्हणजे समारंभही झाला आणि रात्रीचे कपडेही झाले. तीन बनियन, तीन चड्ड्या, दोन मोज्यांचे जोड आणि एक पंचा. सगळं मिळून एक किलो नऊशे ग्रॅमच्या आसपास. स्त्रीच्या बॅगेत दोन सुती कुर्ते, एक सलवार, एक गडद पायजमा, अडीच मीटरची सुती ओढणी, एक साडी परकर-पोलक्यासह, आतल्या कपड्यांचे चार जोड आणि पंचा, असे बावीसशे ग्रॅम. ओढणी निव्वळ सजावट समजू नका, ती गाडीत चादर होते, उन्हात डोक्यावर येते आणि खोलीत पडदाही होते. यात धुण्याचं सामान मिळवा. पाच मीटर नायलॉन दोरी, सहा चिमटे, साबणाची एक वडी, जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. चप्पल धरली तरी दोघांचंही सामान तीन किलोंच्या आत राहतं. थंडीत एक शाल आणि आत घालायचा एक पातळ स्वेटर वाढेल. जाड जॅकेट एकच हवं असेल तर ते अंगावर.

यात टॉवेल नाही हे मुद्दाम. सत्तर बाय एकशेचाळीस सेंटिमीटरचा जाड टर्किश टॉवेल कोरडाच साडेचारशे ग्रॅम भरतो, आणि सकाळी ओला झालेला बॅगेत कोंबला की संध्याकाळपर्यंत बाकीच्या कपड्यांना कुबट वास लावतो. पंचा सव्वाशे ग्रॅमचा. तो दोन तासांत वाळतो आणि धुतलेल्या कपड्यांचं पाणी शोषायलाही तोच लागतो.

धुण्याची रीत सांगतो, कारण ‘हाताने धुवा’ एवढं म्हणून भागत नाही. संध्याकाळी किंवा रात्री अंघोळीच्या वेळी धुवावं, सकाळी नाही. सकाळी धुतलेलं निघताना ओलं असतं. अर्धी बादली पाण्यात वडी चोळून फेस करावा, आधी फिके मग गडद कपडे त्याच फेसात काढावेत. कॉलर, काख आणि मोज्यांची टाच एवढ्याच जागा साबणाने चोळाव्यात, बाकी कपडा नुसता खळबळला तरी पुरतो. मग दोनदा स्वच्छ पाणी. साबण राहिला तर कपडा वाळल्यावर कडक होतो आणि घाम आला की अंगाला खाज सुटते, त्यामुळे दुसरं पाणी चुकवू नये. एका माणसाचे दिवसाचे कपडे वीस-पंचवीस लिटरमध्ये निघतात. वरून भरायचं मशीन एका फेरीला शंभर लिटरच्या पुढे जातं. इंदुरात येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, उपसून आणलेलं असतं. इथल्या माणसाला बादलीची किंमत वेगळी सांगायला नको.

पिळून झाल्यावर खरी युक्ती येते, आणि बहुतेक जण नेमकी तीच सोडतात. कोरडा पंचा पलंगावर पसरावा, त्यावर शर्ट पसरावा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करावी आणि ती गुंडाळी दोन टोकांनी पिळावी किंवा गुडघ्याखाली दाबावी. हाताने पिळून न निघालेलं बरंच पाणी पंच्यात उतरतं. मग शर्ट दोन झटके देऊन, उलटा करून, हँगरवर लावावा. खिसे बाहेर काढावेत, कॉलर उभी करावी, बटणं उघडी ठेवावीत. असा शर्ट पंख्याखाली सात-आठ तासांत वाळतो, बनियन चार-पाच तासांत. हे न करता बाथरूमच्या दांडीवर टाकलेला तोच शर्ट सकाळी दमट असतो, कारण गरम पाण्याच्या वाफेने तिथली हवा आधीच भरलेली असते. धुतलेले कपडे बाथरूममध्ये वाळवणं ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे. एसीच्या खोलीत उलट लवकर वाळतात, एसी हवेतली वाफ काढून टाकतो. दोरी दुहेरी करून तिला पीळ द्यावा आणि कपड्याचा कोपरा दोन पदरांमध्ये अडकवावा, म्हणजे चिमटेही लागत नाहीत. दोन कपड्यांत चार बोटं मोकळी जागा हवी. एकमेकांवर टाकलेले कपडे वाळत नाहीत, फक्त एकमेकांचा ओलावा वाटून घेतात.

इथे माळव्यातल्या माणसाची एक चूक सांगितली पाहिजे. आपली सवय मे महिन्याची. गच्चीवर टाकलेला सदरा तासाभरात कडकडीत. तोच अंदाज घेऊन श्रावणात कोकणात किंवा मुंबईला गेलं की पंचाईत होते. भरल्या पावसात रत्नागिरी-मालवणकडे हवेतच इतकं पाणी असतं की पंख्याखालीही सुती कपडा दोन दिवस घेतो, आणि अर्धवट ओल्या कापडात जिवाणू वाढून तो कुबट वास येतो जो नुसत्या थंड पाण्याने पुन्हा धुऊन जात नाही. त्याला गरम पाणी आणि नंतर थेट ऊन लागतं, जे तिथे नाहीच. अशा प्रवासाला सूत कमी आणि टेरिकॉट जास्त न्यावं, आतल्या कपड्यांचे दोन जोड वाढवावेत, आणि जीन्स घरीच ठेवावी. हलकी बॅग म्हणजे सगळीकडे तीच बॅग नव्हे.

लग्नाचा प्रश्न कापडाने सुटणारा नाही. हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागतसमारंभ, प्रत्येकाला वेगळी साडी, आणि भरजरी पैठणी एकटीच पाऊण किलोच्या पुढे. तीच साडी दोनदा नेसलेली बाई फोटोंत दिसली की बोलणारे बोलतात. पुरुषाने एकच झब्बा दोन्ही दिवस घातला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. हे बोलणं थांबवणं कुठल्याही हलक्या कापडापेक्षा जास्त किलो वाचवेल, आणि ते थांबवायची सुरुवात घरातल्या ज्येष्ठ बायकांनी मोठ्याने केली तरच होईल. तोवर जमण्यासारखं एक आहे. जावा-जावांनी, बहिणी-बहिणींनी साड्या आपसांत फिरवाव्यात. पोलकं ज्याचं त्याचं, साडी सामाईक. आणि परतीच्या आहेराची जागा ठेवावी. खण, पोलक्याचे तुकडे, टॉवेल-टोपी असं दीड-दोन किलो येताना वाढतंच. यजमानांनी हे द्यायचं थांबवून रोपटं द्यावं असा सल्ला हल्ली ऐकू येतो. रोपटं रेल्वेत नेणं आणखी अवघड. पाकिटातली रक्कम सगळ्यांत हलकी असते.

एक आक्षेप मात्र मनापासून घेण्यासारखा आहे. ‘सुट्टीवर जाऊनही धुणंच धुवायचं का?’ हा प्रश्न बहुतेक बायका विचारतात, आणि तो बरोबर आहे. चौघांच्या कुटुंबाने कमी कपडे नेले आणि ते रोज एकीने धुतले, तर बॅगेतलं वजन कमी झालं नाही, ते तिच्या मनगटात गेलं. म्हणून ही पद्धत एका अटीवर आहे. जो अंघोळ करेल त्याने आपले आतले कपडे आणि मोजे तिथेच धुऊन बाहेर यायचं. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं, पाच मिनिटं लागतात. ही अट पाळायची नसेल तर खुशाल जड बॅगा न्याव्यात, आणि ज्यांना जड बॅग हवी त्यांनी त्या उचलाव्यात.

आणि आता त्या दोरीकडे, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. बऱ्याच लॉज आणि हॉटेलांत खोलीत कपडे धुण्या-वाळवण्यास मनाई अशी पाटी असते. त्यांची अडचण खोटी नाही. ठिबकणाऱ्या पाण्याने फरशीवर माणूस घसरतो, लाकडाचा पॉलिश जातो, गॅलरीत लटकणाऱ्या चड्ड्या रस्त्यावरून चांगल्या दिसत नाहीत. पण उपाय मनाईचा नाही, जागेचा आहे. गच्चीवर चार खांब आणि दोऱ्या, किंवा बाथरूमबाहेर भिंतीत बसवलेली, ओढली की बाहेर येणारी दोरी, हा काहीशे रुपयांचा खर्च आहे. धर्मशाळेत तळमजल्यावर पाणी काढून टाकणारं एक स्पिन यंत्र ठेवलं तर पावसाळ्यातही कपडे रात्रीत वाळतील. पाटी लावणाऱ्यांना याहून सोपा मार्ग दिसतो तो असा की कपड्यामागे शंभर-दीडशे रुपये लावणारी त्यांची स्वतःची लाँड्री वापरावी. मग प्रवासी काय करतो? घरूनच दहा कपडे जास्त आणतो.

यात सगळ्यांत जास्त सोसतात त्या बायका. सामाईक गच्चीवर आतले कपडे उघडे वाळत घालायची लाज वाटते, म्हणून ते ओढणीखाली, साडीच्या घडीखाली लपवून वाळवले जातात. लपवलेला कपडा वाळत नाही. दमट कपडा अंगावर चढतो आणि खाज, बुरशी यांचा त्रास सुरू होतो, जो पुन्हा कोणाला सांगता येत नाही. ही वैयक्तिक संकोचाची बाब म्हणून सोडून देण्यासारखी नाही. गच्चीचा एक कोपरा तीन बाजूंनी जाळीने किंवा ताटीने झाकून, वरून ऊन येईल असा मोकळा ठेवला, तर हा प्रश्न सुटतो.

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. उज्जैन इंदूरहून ५५ किलोमीटर, आणि येणाऱ्या लोकांचा मोठा भार इंदूरच्या स्टेशनावर, विमानतळावर आणि लॉजवर येणार हे उघड आहे. त्यासाठी नव्या धर्मशाळा, यात्री निवास, तंबूंच्या वसाहती उभ्या राहतील. स्वच्छतेत देशात पुन्हा पुन्हा पहिलं आलेलं हे शहर कचरा सहा प्रकारांत वेगळा करतं. २०२३ पासून जुने कपडे घेणारी आर-आर-आर (कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा) केंद्रंही आली. पण कपडा टाकण्याची सोय करणं आणि कपडा टाकावाच न लागण्याची सोय करणं यांत अंतर आहे. शनिश्चरी अमावस्येला उज्जैनच्या त्रिवेणी घाटावर स्नानानंतर अंगावरचे कपडे आणि चपला तिथेच सोडण्याची प्रथा आहे आणि दर वेळी प्रशासनाला त्यांचे ढीग उचलावे लागतात. श्रद्धेने सोडलेल्या कपड्याबद्दल वाद घालायचा नाही. मात्र सिंहस्थात घाटावर राहणाऱ्या ओल्या कपड्यांत एक भाग असाही असेल, जो माणूस केवळ वाळवायला जागा नाही आणि ओलं ओझं गाडीत नेता येत नाही म्हणून सोडून जाईल. एप्रिल-मेच्या माळव्याच्या उन्हात तोच कपडा तासाभरात वाळला असता.

कापडाच्या गिरण्यांवर वाढलेल्या शहराला हे समजायला जड नाही. इथे हुकुमचंद, मालवा, स्वदेशीचे भोंगे ऐकलेली पिढी अजून आहे, आणि सुताचा पीळ बोटांत ओळखणारे लोक एम. टी. क्लॉथ मार्केटात आजही बसतात. सिंहस्थासाठी मंजूर होणाऱ्या प्रत्येक यात्री निवासाच्या नकाशात पार्किंगची आणि स्वच्छतागृहांची संख्या लिहिलेली असते, तशी दोरीची लांबीही लिहावी. माणशी दोन मीटर पुरते. शंभर माणसांच्या धर्मशाळेला दोनशे मीटर, म्हणजे दहा मीटरच्या वीस ओळी, दोन ओळींत हातभर अंतर. उंची पाच फूट, म्हणजे म्हाताऱ्या बाईचाही हात पोहोचतो आणि साडी दुमडून टाकली तर जमिनीला लागत नाही. दोरी नायलॉनची असावी. लोखंडी तार गंजते आणि पांढऱ्या धोतरावर तांबूस रेघ उठवते, ती लिंबानेसुद्धा पुरती जात नाही. जवळच एक उतरती फरशी, दोन नळ, गुडघाभर उंचीचा धुण्याचा ओटा, आणि त्याचं पाणी नदीत न जाता गाळून झाडांकडे नेणारा एक पाट.